दोन टोके आणि मधली फट

(गेल्या वर्षीच्या उत्सवात चौथ्या दिवशी मंडपात केलेल्या भाषणाचा मजकूर. कार्यकारिणीच्या आग्रहावरून लिहून काढला आहे.)



दरवर्षी या व्यासपीठावर प्राध्यापक, डॉक्टर, वकील अशी जाणकार मंडळी बोलतात. यंदा 'आपल्यातल्याच कोणाला तरी उभे करू' असे कार्यकारिणीने ठरवले आणि वर्गणीचा हिशेब द्यायला गेलेला मी सापडलो. मी डिप्लोमा झालेला रेल्वेचा माणूस. रूळ, गिट्टी आणि स्लीपर यांच्यात माझा दिवस जातो. त्यामुळे भाषण कमी आणि गप्पा जास्त असे झाले तर सांभाळून घ्यावे ही विनंती.

विषय घेतला आहे इंग्रजीतील पैशाविषयीचे वाक्प्रचार. तुम्ही म्हणाल, रुळावरच्या माणसाचा याच्याशी काय संबंध? तो कसा जुळला ते आधी सांगतो.

मी अमरावती जिल्ह्यातल्या खेड्यातला. दहावीपर्यंत मराठी माध्यम. डिप्लोमाची पुस्तके इंग्रजीत होती, पण त्यातली निम्मी भाषा आकृत्यांची आणि सूत्रांची असते, त्यामुळे निभावून गेले. २००३ साली रेल्वेत ज्युनिअर इंजिनिअर म्हणून लागलो. पहिल्याच वर्षी एका छोट्या पुलाच्या दुरुस्तीचे एस्टिमेट घेऊन मोठ्या साहेबांपुढे उभा होतो. साहेबांनी आकडा पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाले, "धिस विल कॉस्ट अस ॲन आर्म अँड अ लेग." आर्म म्हणजे हात, लेग म्हणजे पाय, एवढे मला कळत होते. मी ताठ उभा राहून सांगितले, "नो सर, हेल्मेट, सेफ्टी शूज, सगळे दिले आहे. कोणाचाही हातपाय जाणार नाही." साहेब इतके हसले की बाहेरचा शिपाई आत डोकावला. मग त्यांनीच समजावले, याचा अर्थ फार महाग पडणे. आपण जसे म्हणतो, खिशाला भोक पडणार.

साहेब भले होते, त्यांनी मनात काही ठेवले नाही. माझ्या मात्र मनात राहिले. त्याच संध्याकाळी स्टेशनच्या बुकस्टॉलवरून इंग्रजी वाक्प्रचारांचे एक स्वस्तातले पुस्तक घेतले आणि दोनशे पानी वही केली. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. ती वही आज सोबत आणली आहे. पाने पिवळी पडली आहेत, पण अक्षर तेव्हाचे बरे होते.

वहीत सर्वात जास्त भरणा पैशाच्या वाक्प्रचारांचा झाला. त्यातला पहिला 'पेनी वाइज, पाउंड फुलिश'. पेनी वाचवण्यात शहाणा आणि पाउंड घालवण्यात मूर्ख. पेनी म्हणजे किती लहान नाणे ते कळले की याची गंमत वाढते. १५ फेब्रुवारी १९७१ पर्यंत ब्रिटनमध्ये एका पाउंडाचे २० शिलिंग आणि एका शिलिंगचे १२ पेन्स असत. म्हणजे एका पाउंडात २४० पेन्स. त्या दिवसापासून पाउंडाचे १०० पेन्स झाले, पण वाक्प्रचार तसाच राहिला.

आपल्याकडेही तेच झाले. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, असा ६४ पैशांचा रुपया होता. १ एप्रिल १९५७ पासून १०० नव्या पैशांचा रुपया आला. तरी आपण अजून 'सोळा आणे खरे' म्हणतोच. ३० जून २०११ पासून चार आण्यांचे, म्हणजे २५ पैशांचे नाणेही चलनातून गेले. पण आपल्या आजीची कोंबडी अजून चार आण्यांचीच आहे आणि मसाला बारा आण्यांचा! नाणे बंद करता येते, म्हण बंद करता येत नाही. कारण ज्या चुकीवर ती म्हण बेतलेली असते, ती चूक माणसे करतच राहतात.

'पेनी वाइज'ची चूक मीही केली आहे. साल २००९. सेक्शनचे नाव सांगत नाही, कारण चूक माझी होती. पावसाळ्याआधी रुळाच्या बाजूच्या नाल्या साफ करायच्या असतात. त्या वर्षी माणसे कमी होती. मी विचार केला, एका कटिंगमधली नाली यंदा राहू दे, आठ माणसांचे चार दिवस वाचतील. डायरीत तसे अभिमानाने लिहूनही ठेवले. जुलैमध्ये नाली तुंबली. पाणी रुळाखालच्या भरावात मुरले, माती मऊ झाली आणि गाडी गेली की गिट्टीतून चिखल वर येऊ लागला. मग गाड्यांवर वेगमर्यादा घालावी लागली, रूळ उचलून पॅकिंग झाले, नवी गिट्टी आली. भर पावसात आठ माणसांच्या जागी तीस माणसे कित्येक दिवस राबली. सुदैवाने अपघात झाला नाही. पण रात्री टॉर्च घेऊन तिथे उभा असताना वहीतले ते पान माझ्या डोळ्यांपुढे येत होते. अर्थ पाठ होता, पण समजला त्या चिखलात.

दुसरा वाक्प्रचार 'टु मेक बोथ एण्ड्स मीट'. शब्दशः अर्थ, दोन्ही टोके एकमेकांना भिडवणे. म्हणजे मिळकत आणि खर्च यांची कशीबशी तोंडमिळवणी करणे. आपण म्हणतो, हातातोंडाची गाठ पडणे. हा वाक्प्रचार वाचला तेव्हा मला हसू आले होते, कारण आमच्या खात्यात दोन टोके भिडवणे हा चक्क गुन्हा आहे.

इथल्या ज्या मंडळींचा रुळाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक रूळ १३ मीटरचा. लोखंड तापले की वाढते. तापमान ४० अंशांनी वाढले, तर १३ मीटरचा रूळ सुमारे ६ मिलिमीटर लांब होतो. आपल्या बिलासपूरच्या मे महिन्यात दुपारी रुळाला हात लावून बघा, म्हणजे, लावू नका, मी सांगतो तेवढे पुरे. म्हणून फिशप्लेटने जोडलेल्या रुळांच्या दोन टोकांमध्ये थोडी फट ठेवतात. ती ठेवली नाही, तर वाढलेल्या लोखंडाला जायला जागा उरत नाही आणि रूळ बाजूला वाकतो. जुन्या गाडीचा तो खडखड आवाज त्या फटीवरूनच यायचा. माझे सहकारी पुढच्या रांगेत हसत आहेत, त्यांना काय म्हणायचे आहे ते मला ठाऊक आहे. हल्ली रूळ वेल्ड करून लांबच लांब करतात, त्यात फटी कुठे असतात? बरोबर आहे. पण ते रूळही ठराविक तापमानाला ताण काढून घट्ट बांधावे लागतात आणि त्यांच्या शेवटी हालचालीसाठी खास सांधा द्यावा लागतो. उन्हाळ्यात गस्त घालावी लागते ती वेगळीच. उष्णतेचा विचार केल्याशिवाय कुठलाच रूळ टाकता येत नाही.

इतके सगळे मला कळत होते. रोज सकाळी मी दुसऱ्यांच्या रुळांमधली फट मोजत होतो. घरी मात्र माझी दोन टोके टेकलेली होती, नव्हे, एकमेकांवर चढली होती. आता बोलतो ते थोडे अवघड आहे. सौ. समोर बसल्या आहेत, त्यांची परवानगी घेतली आहे.

२०१५ साली मी कर्ज काढून गाडी घेतली. गरज होती का? नव्हती. क्वार्टर स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. पण बरोबरीच्या सगळ्यांच्या दारात गाडी उभी होती. आपल्याकडे श्रीमंती सांगताना 'दारात हत्ती झुलतात' म्हणतात. इंग्रजीत 'व्हाइट एलिफंट' म्हणजे पांढरा हत्ती, अर्थ बरोबर उलटा. पोसता पोसता मालकाचे दिवाळे काढणारी वस्तू. सयामचा राजा म्हणे ज्याच्यावर रुसे त्याला पांढरा हत्ती भेट देई. भेट नाकारता येत नाही, पवित्र हत्तीकडून काम करून घेता येत नाही, आणि त्याला खाऊ घालता घालता दरबारी कंगाल होतो. गोष्ट खरी की रचलेली ते राजालाच ठाऊक. मला तर कोणी भेटही दिला नव्हता. मी शोरूममध्ये जाऊन, फोटो काढून, हार घालून हत्ती घरी आणला.

पुढच्या वर्षी धाकट्या बहिणीचे लग्न झाले. वडील म्हणाले होते, "अंथरूण पाहून पाय पसर. लग्न साधे केले तरी पोरगी सुखातच राहील." वडील प्राथमिक शिक्षक होते. आयुष्यात त्यांनी किराणा दुकानातसुद्धा उधारी ठेवली नाही. मी म्हणालो, "बाबा, तुम्ही काळजी करू नका." खिशात दोन क्रेडिट कार्डे होती ना! लग्न थाटात झाले. जेवणाची वाहवा झाली. मग बिले आली.

बिलात एक गोड ओळ असते, 'मिनिमम ड्यू'. निदान एवढे भरा, बाकीचे सावकाश. इंजिनिअर असून मी तिथे हिशेब केला नाही, तो आज करून दाखवतो. समजा कार्डावर ५०,००० रुपये बाकी आहेत. माझ्या कार्डाचे व्याज दरमहा साडेतीन टक्के होते, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. महिन्याचे व्याज झाले १,७५० रुपये. मिनिमम ड्यू पाच टक्के, म्हणजे २,५००. मी २,५०० भरून निश्चिंत झोपायचो, आणि मूळ कर्जातून कमी व्हायचे फक्त ७५० रुपये. व्याजावरचा कर धरला तर त्याहून कमी. त्यात नवीन खरेदी केली की कर्ज होते तिथून वरच.

मग मी एका कार्डाचे पैसे दुसऱ्या कार्डातून भरू लागलो. वहीत पान १७ वर हे लिहिलेलेच होते. 'रॉबिंग पीटर टु पे पॉल', पीटरला लुटून पॉलचे देणे फेडणे. उजवीकडे माझ्याच अक्षरात मराठी होते, 'याची टोपी त्याच्या डोक्यावर'. टोप्या दोन होत्या, डोके मात्र माझे एकच.

२०१८ च्या दिवाळीपर्यंत एका कार्डावर १,१०,००० आणि दुसऱ्यावर ७५,००० झाले. एकूण १,८५,०००. दरमहा सुमारे साडेसहा हजार नुसते व्याज. घरी काही बोललो नव्हतो. बिले ऑफिसच्या पत्त्यावर मागवत होतो. वसुलीचा फोन आला की 'कंट्रोलचा फोन आहे' म्हणून बाहेर जायचो. रात्री झोप लागत नसे. आणि माझ्या हाताखाली पंचवीस माणसे रुळावर काम करीत होती, हे लक्षात घ्या. एकदा मोजमाप लिहिताना माझ्या हातून आकडा चुकला. सोबतच्या कीमनने तो पकडला आणि म्हणाला, "साहब, आज आपका ध्यान कहाँ है?" त्या दिवशी मी घाबरलो. पैशाचे दुखणे पैशापुरते राहत नाही.

घरी येऊन सौ.ना सगळे सांगितले. मला वाटले, आता आकाशपाताळ एक होईल. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "कंट्रोलचा फोन दर महिन्याच्या वीस तारखेलाच कसा येतो, हे मला कळत नव्हते का?" उठून आत गेल्या आणि पोस्टाच्या आवर्त ठेवीचे पासबुक आणून माझ्यापुढे ठेवले. त्यात ४८,००० रुपये होते. घरखर्चातून वाचवलेले. मला त्याचा पत्ता नव्हता.

इंग्रजीत यालाच 'नेस्ट एग' म्हणतात, घरट्यातले अंडे. पूर्वी कोंबड्या पाळणारे घरट्यात एक अंडे मुद्दाम ठेवत, कधी कधी चिनीमातीचे खोटेसुद्धा. ते पाहून कोंबडी त्याच जागी आणखी अंडी घालते. त्यावरून गाठीशी राखून ठेवलेल्या पैशाला ते नाव पडले. आपल्याकडे पैशाकडे पैसा जातो म्हणतात, तोच विचार. माझ्या आईचे अंडे तुरीच्या डाळीच्या डब्यात असायचे, सौ.चे पोस्टात.

पुढे काय केले तेही सांगतो, कारण नुसती फजिती सांगून उपयोग नाही. गाडी विकली. गाडीचे कर्ज चुकते होऊन ६०,००० हातात आले. त्यात सौ.चे ४८,०००. उरलेले ७७,००० आमच्या कर्मचारी पतसंस्थेतून कमी व्याजाने घेतले आणि दोन्ही कार्डे एकाच दिवशी बंद केली. पतसंस्थेचे कर्ज फिटायला दोन वर्षे लागली. त्या दोन वर्षांत गावाला जाणे पासवर, स्लीपर क्लासने. कोणी मेले नाही. वडिलांना मात्र मी हे कधी सांगितले नाही. ते २०२१ मध्ये गेले. सांगायला हवे होते असे आता वाटते. ते रागावले नसते, फक्त 'किती राहिले?' असे विचारले असते.

बंधू-भगिनींनो, हे पुराण लावण्याचे कारण एकच. आपल्या मुलांना आपण इंग्रजी शाळांत घातले आहे, आणि ते योग्यच केले. मला ज्या वाक्यावर साहेबांसमोर लाजावे लागले, ते वाक्य त्यांना सहावीतच कळते. पण पैशाच्या बाबतीत इंग्रजी दोन प्रकारची आहे, हे मला उशिरा समजले. एक विकणाऱ्यांची. 'बाय नाउ, पे लेटर', 'ईझी ईएमआय', 'मिनिमम ड्यू'. दुसरी त्यांच्या आजी-आजोबांची. 'पेनी वाइज', 'पीटर आणि पॉल', 'सेव्ह फॉर अ रेनी डे'. ही दुसरी इंग्रजी आणि आपली आजी एकच गोष्ट सांगतात. मोबाईलवर दिवसभर दिसते ती मात्र पहिली.

'बाय नाउ, पे लेटर'चे मराठी करून बघा. आमच्या गावच्या किराणा दुकानात पाटी होती, 'आज रोख, उद्या उधार'. त्या पाटीला उलटी टांगली की झाले 'बाय नाउ, पे लेटर'. तो दुकानदार आम्हाला वाचवत होता, हे तेव्हा कळले नाही, तेव्हा त्याला कंजूष म्हणायचो.

पूर्वी निदान नोट हातातून जाताना दिसायची. आता २०१६ पासून यूपीआय आले. सोय मोठी आहे, मी स्वतः वापरतो, मंडळाची वर्गणीही आता त्यावरच जास्त येते. पण आमचे धाकटे चिरंजीव लहान असताना एकदा म्हणाले, "बाबा, पैसे संपले असतील तर फोनने द्या ना." मी म्हणालो, "पैसे काय झाडाला लागतात?" इंग्रजीतही अगदी हेच आहे, 'मनी डझन्ट ग्रो ऑन ट्रीज'. या एकाच वाक्यात दोन्हीकडचे बाप शब्दाला शब्द सारखे बोलतात.

आमच्या खात्यात नवीन लागलेली मुले आहेत, काही इथे बसली आहेत. मराठी आहेत, छत्तीसगढी आहेत, बिहारची आहेत. घरापासून दूर, हातात पहिला पगार, फोनमध्ये पाच मिनिटांत कर्ज देणारी ॲप. त्यांना आपल्या भाषेत सांगणारी आजी जवळ नाही. 'आमदनी अठन्नी, खर्चा रुपैया' म्हणणारे त्यांचे बाबूजीही जवळ नाहीत. तेव्हा ते काम आपण करायचे. मुलांनो, पगार आणि खर्च यांची टोके टेकवू नका. मध्ये फट ठेवा, पगाराच्या दहाव्या भागाची का होईना. कोणाच्या घरी आजारपण येईल, कोणाची बहीण लग्नाची असेल. उन्हाळा प्रत्येकाच्या रुळावर येतो, आणि त्या वेळी ती फटच उपयोगी पडते.

आणि ज्यांची टोके आजच टेकली आहेत, त्यांनी लपवू नका. घरी सांगा. घरी सांगवत नसेल तर मला येऊन सांगा. माझ्याकडे फार पैसे नाहीत, पण व्याजाचा हिशेब मांडून देईन, पतसंस्थेचा अर्ज भरून देईन आणि कोणाला बोलणार नाही. माझ्यासारखी तीन वर्षे फोन घेऊन अंगणात फिरू नका.

भाषण लांबले. आरतीची वेळ झाली आहे आणि बाहेर प्रसादाचा वास सुटला आहे.  आणि सौ.चे आभार जाहीरपणे मानायचे राहिले होते, ते आज मानतो.

गणपती बाप्पा मोरया!